गल्लीतला नमस्कार

उज्जैन,
१५ ऑक्टोबर २०२५

श्री. शैलेंद्रराव यांस,

रविवार, १२ ऑक्टोबर, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी तुम्ही तुमच्या सासऱ्यांना आमच्याच गल्लीत सायकलवरून पाडलंत. मी त्या वेळी वरच्या गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. चष्मा नाकावर होता. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे कोणीतरी तो प्रश्न काढेलच.

सिंहस्थासाठी मोठा रस्ता खोदून ठेवल्यापासून सगळ्या गाड्या आमच्या गल्लीत घुसतात. एका बाजूला उघडी नाली, दुसऱ्या बाजूला शेजाऱ्यांच्या उभ्या मोटारी, आणि मधे जी जागा उरते तिच्यातून एक मोटार जाते किंवा एक सायकल. दोन्ही एकदम जात नाहीत. भय्यासाहेब नालीच्या बाजूने, नेहमीच्या चालीने देवास गेटहून परत येत होते. इंदूरच्या बसने येणारी मराठी वर्तमानपत्रं कॅरिअरला होती. आपल्या पाच घरांना ती माझा भाऊच आणून टाकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. एक अंक तुमच्यासाठीही ठेवलेला असतो.

तुम्ही मागून आलात आणि तुमचा तो हॉर्न वाजवलात. दोनदा आखूड, एकदा लांब. जावई आले, असा त्याचा अर्थ, आणि तो घरात सगळ्यांना कळतो. आमच्या घरात वडीलधारं माणूस किंवा जावई दिसला की सायकलवरून उतरायचं, अशी रीत आहे. पूर्वज दरबारात खलिते लिहीत, तेव्हा घोड्यावरून उतरत. घोडी गेली, सायकली आल्या, रीत राहिली. म्हणून शहात्तर वर्षांच्या माणसाने उजवा हात नमस्काराला कपाळाशी नेला आणि उतरायला पाय मागे टाकला.

तुम्ही मागे थांबायचं, तर शेजारी आलात. डावीकडची काच खाली केलीत. तिकडे वाकलात आणि दोन्ही हात जोडलेत. स्टिअरिंग त्या वेळी कोणाच्या स्वाधीन केलं होतं, ते कळवावं. गाडीचा आरसा भय्यासाहेबांच्या कोपराला लागला आणि ते नालीच्या काठावर पडले. खुब्याचं हाड मोडलं. दोन माणसं एकमेकांचा मान राखत होती, आणि दोघांचेही हात जागेवर नव्हते. एवढंच घडलं. याला मी अपघात म्हणायला तयार आहे.

पण हॉस्पिटलात भरती करताना तुम्ही लिहवलंत, "चक्कर येऊन सायकलवरून पडले." याला मी अपघात म्हणणार नाही.

मी तीस वर्षं विमा कंपनीत दावे तपासले. गाडीवाल्याला वाचवायचं असलं की पडलेल्याला चक्कर येते, हे मला नवीन नाही. घरात पहिल्यांदा पाहिलं. आता परिणाम ऐका. डॉक्टरांनी चक्करच्या गोळ्या चालू केल्या आहेत. गोळी घेतली की भय्यासाहेब दुपारपर्यंत गुंगीत असतात. ऑपरेशन चांगलं झालं, पण उभं करायची वेळ आली की नर्स म्हणते, चक्करवाले पेशंट आहेत, पडतील. मी डॉक्टरांना खरं सांगितलं. ते म्हणाले, "माताजी, जो लेकर आए थे, उन्हीं से लिखवा लाइए. मैं गोली बंद कर दूँगा."

तेव्हा तुम्ही जाऊन एक ओळ लिहून द्यावी. माझ्या निरोपावर तुम्ही पाठवलेली हात जोडलेली पिवळी बाहुली फोनवर मिळाली. ते उत्तर नव्हे. आणि हात जोडण्याबद्दल आपण वर बोललोच आहोत.

अहल्या पारसनीस


नानाखेडा,
१७ ऑक्टोबर

ती. आत्याबाईंना सा. न.

तुमची रजिस्ट्री मिळाली. पोस्टमनने सही मागितली तेव्हा मला वाटलं कोर्टाची नोटीस आली. एकाच गावात राहून रजिस्ट्री, भार्गवी पण हसली. फोन केला असता तर मी लगेच आलो असतो.

आत्याबाई, माझा इरादा काय होता हे तुम्ही स्वतःच लिहिलं आहे. नमस्कार. आता मोठ्यांना नमस्कार करणं पण गुन्हा झाला का? गाडी अगदी रेंगत होती. मी तसाच सरळ निघून गेलो असतो तर उद्या तुम्हीच म्हटलं असतं, जावयाला घमेंड आली, सासऱ्याला ओळखलं पण नाही. आणि बाबांना उचलून हॉस्पिटलात कोणी नेलं? नवीन गाडी, सीटवर नालीचा सगळा चिखल, मी एक शब्द बोललो नाही.

बाबा थोडे डगमगले होते, हे मी पाहिलं. डगमगले म्हणजे चक्करच ना. त्या वेळी जे सुचलं ते लिहवलं. आता बदललं तर डॉक्टर म्हणतील, आधी झूठ का बोललात. मग पोलिस, मग माझं ऑफिस. बात का बतंगड होईल. त्याने बाबांचं हाड लवकर जुळणार आहे का?

आणि राग नका मानू, त्या गल्लीत सायकल चालवायचा आता जमाना नाही राहिला. किती वेळा म्हटलं, बाबा, पेपर मोबाइलवर वाचा.

पाडव्याला येतोच आहे. समोरासमोर बसून बोलू.

आपला,
शैलेंद्र


उज्जैन,
१८ ऑक्टोबर

श्री. शैलेंद्रराव,

आमच्या कॉन्व्हेंटात माफीचं पत्र लिहायला शिकवत. पहिल्या ओळीत काय केलं ते, दुसऱ्या ओळीत ते कोणाला लागलं ते. "पण" आला की सिस्टर कागद परत करत. तुमचं पत्र मी परत केलं असतं.

जो सायकलवरून उतरत असतो तो डगमगतोच. एक पाय पॅडलवर, दुसरा हवेत, एक हात कपाळाला. आणि तो उतरत होता तुमच्यासाठी.

जमान्याबद्दल. गल्ली अरुंद आहे, ती सायकलने अरुंद केली नाही. सायकल पुढे असेल तर मोटारीने मागे राहायचं, हॉर्न न वाजवता, जागा रुंद होईपर्यंत. शेजारून जायचंच तर हातभर अंतर सोडायचं. अंतर नसेल तर जायचं नाही. तुम्हाला पोचायचं होतं कुठे? आमच्याच दारात. चहा तुमच्यावाचून कोणी प्यायलं नसतं. नमस्कार दारात उतरून, दोन पायांवर उभं राहून करता आला असता. माझ्या भावाला तो जास्त आवडला असता.

तुमचं ऑफिस, पोलिस, सीट, सगळं वाचलं. गोळीबद्दल एक अक्षर नाही. आज सकाळी भय्यासाहेबांनी मला विचारलं, "अहल्या, पेपर वाटले का कोणी?" आणि उत्तर ऐकण्याआधी झोपले.

पाडव्याला जरूर या. कागद मी ठेवते.

अहल्या पारसनीस


नानाखेडा,
२५ ऑक्टोबर

ती. आत्यास सा. न.

मी तुला पत्र लिहीत नाही कधी, पण फोनवर तू मला बोलू देणार नाहीस.

पाडव्याच्या दिवशी तू जे केलंस ते बरं नाही केलंस. बाबा नुकते घरी आलेले, आईने तशातही शैलेंद्रसाठी पाट मांडला, रांगोळी काढली, औक्षण केलं. आणि ताटात मीठ-लिंबाच्या शेजारी तू कोरा कागद आणि पेन वाढलंस. वाढलंसच म्हणते, कारण तू वर "आधी हे घ्या, मग श्रीखंड" असं म्हणालीस. जावई भरल्या ताटावरून उठून गेला, आत्या. आपल्या घरात असं कधी झालं नव्हतं. आई दिवसभर देवघरात बसून होती.

आता तुला एक सांगते, ते तुला माहीत नाही. चक्कर हा शब्द शैलेंद्रचा नाही. आईचा आहे. हॉस्पिटलच्या दारात तो पुन्हा पुन्हा म्हणत होता की आई, माझ्या गाडीने लागलं. आईनेच त्याचा हात धरला. म्हणाली, "शैलेंद्रराव, गाडीचं नाव घेतलं की पोलिसांना कळवतात. आमच्या जावयाचं नाव ठाण्यात जायला नको. चक्कर आली म्हणा. ह्यांचं वय झालंय, कोणालाही पटेल." मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही. बाबा स्ट्रेचरवर होते. त्यांनी डोळे उघडून आईकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून.

तर आता तू कोणाकोणाला रजिस्ट्री पाठवणार आहेस?

मी शैलेंद्रला परवा शांतपणे विचारलं, एक ओळच आहे, देऊन टाक ना. तो म्हणाला, मला खरंच आता आठवतं की बाबा आधीच झुकले होते, हॉर्नच्या पण आधी. आत्या, तो खोटं बोलत नव्हता. त्याला तसंच आठवतंय. मी आणखी काय करू? मला याच घरात राहायचं आहे.

बाबांना आम्ही इकडे घेऊन येणार आहोत. आई थकली आहे. इथे लिफ्ट आहे, पलंग वरखाली होणारा घेतला आहे. इथे त्यांना काही कमी पडणार नाही.

तुझी,
भार्गवी


उज्जैन,
२७ ऑक्टोबर

चि. भार्गवीस अनेक आशीर्वाद.

श्रीखंडाचं वाक्य मी म्हटलं, ते बरोबर आहे. ताटात कागद वाढायला नको होता, हेही बरोबर आहे; त्या कागदाला श्रीखंड लागलं आणि तो वाया गेला.

शोभावहिनीचं तू लिहिलंस ते वाचून मी खाली गेले. तिला काही विचारलं नाही. ती भय्यासाहेबांना पेज भरवत होती. चमचा तोंडाशी नेताना ती स्वतःचंही तोंड उघडत होती, लहान मुलाला भरवताना उघडतो तसं. मी परत वर आले. कोणाला रजिस्ट्री पाठवू, हा तुझा प्रश्न चांगला आहे.

पण भाऊबीजेचं तुला सांगायला हवं. तू त्या दिवशी आली नाहीस.

भय्यासाहेबांना टोपी घातली, उशांना टेकवून बसवलं आणि मी ओवाळलं. डोळे जड होते, पण माणूस शुद्धीवर होता. मी म्हटलं, "भय्यासाहेब, मला ओवाळणीत काही नको. एकदा स्वतःच्या तोंडाने सांगा, तुम्हाला चक्कर आली होती का?"

त्यांनी दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हॉर्न आठवतो. मग मला उतरायचं होतं."

"उतरतच होतात तुम्ही. मी पाहिलं."

"हो का? मग उतरलो का नाही?"

मी सांगितलं. आरसा, कोपर, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते, दुसऱ्या कोणाची गोष्ट ऐकावी तसे. शेवटी म्हणाले, "एवढे सगळे म्हणतात तर आली असेल गं चक्कर. तू वरून पाहत होतीस. वरून चक्कर दिसते का?"

स्ट्रेचरवर त्यांनी मान हलवली ती घराची अब्रू राखायला. तेव्हा त्यांना खरं ठाऊक होतं. भाऊबीजेला त्यांना ते ठाऊक नव्हतं. अकरा दिवसांत त्या गोळ्यांनी आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून ते त्यांच्याकडून काढून घेतलं. आणि भार्गवी, आता त्यांना खरोखरच चक्कर येते. गोळी घेतली की खोली फिरते म्हणतात. खोली फिरते म्हणून घरी ठेवलेली नर्स डॉक्टरांना कळवते, आणि डॉक्टर गोळी चालू ठेवतात. ज्या माणसाने परवापरवापर्यंत नालीच्या काठाने एका रेषेत सायकल नेली, तो आता बसल्याजागी पलंगाची कड धरून ठेवतो.

ओवाळणी त्यांनी दिली. उशीखाली हात घालून काहीतरी माझ्या तबकात ठेवलं. सायकलच्या कुलुपाची किल्ली. म्हणाले, "ठेव. मला आता ती वापरता यायची नाही, आणि कोणी नेली तर मला आवडणार नाही."

तू म्हणतेस तिथे काही कमी पडणार नाही. वरखाली होणाऱ्या पलंगावर झोपलेला माणूस पुन्हा चालायला लागला, असं मी ऐकलेलं नाही. त्यांना आधी इथे, याच फरशीवर, उभं राहू दे. त्यासाठी गोळी बंद व्हायला हवी, आणि गोळीसाठी ती एक ओळ. शैलेंद्ररावांना काय आठवतं ते सोड. तुला काय आठवतं? हॉस्पिटलच्या दारात तो म्हणाला होता, माझ्या गाडीने लागलं. हे तू मला लिहिलं आहेस. हेच तू डॉक्टरांना लिही.

तुझी,
आत्या


नानाखेडा,
१ नोव्हेंबर

आत्याबाई,

भार्गवीला तुम्ही जे पत्र लिहिलं ते मी वाचलं. नवऱ्याच्या विरुद्ध बायकोकडून लिहून मागणं, हे मला ठीक वाटलं नाही. भार्गवी काही लिहिणार नाही. तिने स्वतः मला सांगितलं.

काल डॉक्टरांना भेटून मी स्पष्ट बोललो. ते म्हणाले, पेशंटला विचारू. त्यांनी माझ्यासमोर फोनवर बाबांना विचारलं आणि बाबांनी स्वतः सांगितलं, हो, चक्कर आली होती, अजून येते. आता ज्याचं त्यानेच म्हटलं, तर माझ्या लिहिण्याला काय अर्थ राहिला?

८ तारखेला, शनिवारी, डॉक्टर घरी येऊन एकदा तपासतील. रविवारी आम्ही बाबांना नानाखेड्याला आणतो. आई सोबत येईल. तुम्ही पण केव्हाही या, घर तुमचंच आहे. सायकल दारात खामखा जागा अडवते आहे. गॅरेजवाला कुलूप तोडून घेऊन जाईल, त्याला सांगितलं आहे.

माझ्या मनात तुमच्याबद्दल काही नाही. पण कृपा करून आता पत्र पाठवू नये.

शैलेंद्र


उज्जैन,
४ नोव्हेंबर

श्री. शैलेंद्रराव,

पाठवू नये असं लिहिलंत, तरी पाठवते. हे शेवटचं.

भार्गवीने लिहिलं नाही, हे मला तुमच्या पत्राआधीच कळलं. ती परवा आली होती. वर आली नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर थोडा वेळ उभी राहिली, तिचं डोकं मला कठड्यावरून दिसत होतं. मग गेली. तिच्यावर माझा राग नाही. तिला राहायचं आहे त्या घरात राहू दे.

भय्यासाहेबांनी फोनवर हो म्हटलं, तेव्हा मी खोलीत होते. फोन कानाला वहिनीने धरला होता. भय्यासाहेबांनी आधी विचारलं, "शैलेंद्रराव आहेत का तिथे?" डॉक्टर "हाँ" म्हणाले असणार. मग भय्यासाहेब पलंगात होते तिथेच जरा सरळ झाले, टोपी नीट केली आणि म्हणाले, चक्कर आली होती. जावयासमोर दुसरं काय म्हणणार होते ते? त्यांना विचारायचंच होतं तर तुम्ही तिथून उठून जायला हवं होतं.

आता कालचं. काल संध्याकाळी तुम्ही वहिनीचं सामान न्यायला आलात. गल्लीत वळताना हॉर्न वाजवलात. दोनदा आखूड, एकदा लांब. सवयीने वाजवला असेल. मी भय्यासाहेबांजवळ बसले होते. ते गुंगीत होते, दुपारपासून एक शब्द बोलले नव्हते. हॉर्न ऐकला आणि त्यांनी डोळे उघडले. पांघरूण बाजूला केलं. मला कळेपर्यंत उजवा हात कपाळाशी गेला होता आणि एक पाय पलंगाखाली जमीन शोधत होता.

तुम्ही आलात, आणि ते उतरत होते.

मी धरेपर्यंत ते मागे उशीवर कोसळले. नर्स धावत आली आणि विचारू लागली, "क्या हुआ, बाबूजी?" ते पांढरेफटक पडले होते. मला वाटलं, आता तरी कोणी हे पाहिलं. पण त्यांनी डोळे मिटूनच सांगितलं, "चक्कर आ गया." नर्सने कागदावर लिहून घेतलं. तुम्ही तेव्हा बाहेर वहिनीच्या ट्रंका गाडीत चढवत होतात. तिथून आत काय चाललं आहे ते दिसत नाही.

तो कागद शनिवारी डॉक्टर वाचतील. त्यानंतर मी काहीही म्हटलं तरी ते एका म्हाताऱ्या बहिणीचं म्हणणं होईल, आणि तुमचंही म्हणणं उशिराचं होईल. रविवारी ते तुमच्या लिफ्टने वर जातील. खाली येतील असं मला वाटत नाही. तुम्हालाही वाटत नसेल, म्हणूनच सायकलचं ठरवून टाकलंत. गॅरेजवाल्याला मी काल परत पाठवलं. किल्ली माझ्याकडे आहे आणि ती ओवाळणीची आहे.

मजकूर मीच लिहून देते, म्हणजे तुम्हाला काही आठवायची गरज पडणार नाही. "माझ्या गाडीचा आरसा त्यांच्या कोपराला लागला म्हणून ते पडले. त्यांना चक्कर आली नव्हती." खाली सही आणि तारीख. "पण" नको.

मला पोलिसात जायचं नाही. जायचं असतं तर तेरा तारखेलाच गेले असते. मला तुमचं नाव कुठेही नको आहे. मला माझा भाऊ त्याच्या पायांवर हवा आहे, आणि तो आता आपल्यापैकी कोणावर विश्वास ठेवील तर फक्त तुमच्यावर. माझं त्याने ऐकलं नाही. वरून चक्कर दिसते का, असं विचारलं. तुम्ही शेजारी होतात. तुम्ही सांगितलं, तर तो मानेल की आपण पडलो नाही, आपल्याला पाडलं. एवढंच मानलं तरी कदाचित तो पलंगाची कड सोडील. कदाचित सोडणार नाही. फार उशीर झाला आहे, हे मलाही दिसतं.

लेखी उत्तर मला शुक्रवार, ७ नोव्हेंबर, सायंकाळी पाचच्या आत हातात मिळालं पाहिजे. पोस्टाने नको, पोचणार नाही. स्वतः आणून द्या. गाडी बाहेर टॉवर चौकात लावा आणि गल्लीत पायी या. आणि काहीही झालं तरी हॉर्न वाजवू नका. ते पुन्हा उतरायला जातील.

अहल्या पारसनीस